सोललेले की असोले?

परवा पहाटे माझे बाबा स्वप्नात आले. वारल्यानंतर पहिल्यांदाच. अंगणात उभे, हातात दोन नारळ, बोलले काहीच नाहीत. उठले तेव्हा उशी ओली होती. चहा देताना नवऱ्याला सांगितलं, कारण घरात दुसरं सांगायचं कोणाला?

माणूस चहा अर्धा टाकून बाहेर पडला. मला वाटलं, सासऱ्याच्या आठवणीने गलबलला. कसला गलबलतोय! तो गेला टपरीवर आणि मटक्यावर माझ्या बाबांची जोडी खेळला, म्हणजे दोन आकडे लावले. नारळ दोन म्हणून दोन, नारळ गोल म्हणून शून्य. वीस. तीन हजार रुपये! काजूच्या बिया विकून आलेले, घर शाकारायला म्हणून मी तांदळाच्या डब्यात तळाला ठेवलेले.

ओपन, म्हणजे पहिला आकडा, आला दोन. मग काय, संध्याकाळभर साखर नुसती. बाजारातून खाजं काय आणलं, 'तू दमलंस, बस' काय. लग्नानंतर पहिल्यांदा स्वतःचं ताट स्वतः उचललं त्याने. आणि रात्री क्लोज, म्हणजे दुसरा आकडा, आला सात.

त्यानंतर जे झालं ते ऐका. हा माणूस मोबाईल खाली ठेवून माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "नारळ सोललेले होते काय असोले?"

मी म्हटलं, काय?

"असोलो नारळ म्हणजे सात. सोललेलो म्हणजे शून्य. तू माका नीट सांगूक नाय."

तीन हजाराला नव्वद पट म्हणजे दोन लाख सत्तर हजार. ते म्हणे मी घालवले! मी! माझ्या मेलेल्या बापाने शेंड्या काढून नारळ आणले की नाही हे न बघितल्यामुळे!

मी इतकी भडकले, इतकी भडकले की ओरडून म्हटलं, "सोललेलेच होते! एकाक शेंडी पण होती!"

आणि मग गप्प झाले. कारण मी खरंच आठवून सांगत होते. तोही गप्प, डोळे मिटून शेंडीला कोणता आकडा धरायचा त्याचा विचार करतोय. वरून सासूबाई पडवीतून, "मगे तीन धरूक व्हयो होतो." या घरात शहाणं माणूस शोधायला आता बॅटरी घेऊन फिरायला हवं, आणि ती बॅटरी माझ्या हातात देऊ नका.

सासूबाईंचं तर सांगायलाच नको. "माजो झील दारू पिणा नाय मां!" हे वाक्य मी लग्नापासून ऐकतेय. पिणा नाय, म्हणून गळ्यात हार घालू? दारू प्यायलेला निदान रस्त्यात पडलेला दिसतो, चार माणसं उचलून आणतात. हा घरात बसून, पाठ टेकून, बोटाने घर विकतो, आणि गावात निर्व्यसनी म्हणून मिरवतो. मला या 'निर्व्यसनी' शब्दाचीच आता शिसारी येते. वर म्हणे कोणीतरी करणी केली असणार, रवळनाथाला कौल लावूया. देवाला दुसरी कामं आहेत की नाही?

बचत गटाचा हिशोब मी लिहिते, तेव्हा मला नका शिकवू. दहा आकडे, लागला तर एकाला नऊ. शंभर जोड्या, लागली तर एकाला नव्वद. दर दहा रुपयांतला एक बुकीने आधीच खिशात टाकलेला असतो, हे चौथीतल्या पोराला कळतं. ह्याला नाही कळत, ह्याला जुन्या आकड्यांचा 'चार्ट' कळतो. मटका चालवणारा रतन खत्री 2020 साली वारला, पण त्याचा आकडा आमच्या घरात पाटावर बसून जेवतोय. आणि जुगाराचा कायदा 1887 सालचा! धाड पडते, चिठ्ठ्या लिहिणाऱ्या पोराला नेतात, दुसऱ्या दिवशी तोच पोर त्याच टपरीवर त्याच पेनाने लिहीत असतो.

त्याआधी रमीचं ॲप होतं. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती. वाया गेली, मुंग्यांनी खाल्ली. ॲप बंद, म्हणून स्वारी आकड्यावर परत.

आणि बांबोळी, गोव्याचं मोठं सरकारी हॉस्पिटल! "शेजारच्या काकांक बांबोळीक दाखवूक नेतंय." सिंधुदुर्गात बांबोळी म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही, सगळे नुसते हात जोडतात. मी तर डबा पण करून दिला, वरणभात, पेशंटचा म्हणून तिखट नाही. दुपारी बघते तर काका खळ्यात सुपाऱ्या सोलत बसलेत, आणि हा मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर. गोव्याने 2020 पासून आपल्या माणसांना कॅसिनोत जायला बंदी केली. आपल्या माणसांना, हां! म्हणजे आत काय चालतं ते त्यांना चांगलं ठाऊक आहे. पण आमचे घोव पत्रादेवीची हद्द ओलांडून गोव्यात गेले की त्यांना सलाम ठोकतात, वर पोटभर जेवण. माझा वरणभात परत आला, आंबलेला.

14416 वर पण फोन केला मी, टेलि-मानसला, मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनला. फुकट असतो, मराठीत बोलतात. बाई बिचारी चांगली होती, नीट ऐकून घेतलं. म्हणाली, हा आजार आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आहे, उपचार होतात, त्यांना घेऊन या. आणि त्यांची देणी तुम्ही फेडू नका. आजार आहे, मान्य. पण डायबेटिसवाला माणूस सासऱ्याच्या भुतावर तीन हजार लावत नाही! ह्याला म्हटलं चला, तर म्हणतो, "माका काय खूळ लागला हा? एकदा लागांदे, मगे सोडतलंय." हे 'एकदा लागांदे' माझ्या पोराच्या जन्माआधीपासून चालू आहे. पोर आता दाढी करतो.

आणि काल काय म्हणतो, बचत गटातून तुझ्या नावावर पन्नास हजार उचल. गटातल्या बायका अंगणवाडी झाडून, पापड लाटून शंभर शंभर रुपये भरतात, आणि मी ते ह्याच्या चार्टवर ठेवू? नाही उचलणार. आईची शपथ घाल, जेवण सोड, पडवीत तोंड पाडून बस. तांदळाचा डबा मी जावेकडे हलवलाय, आणि एटीएम कार्ड कुठे आहे ते मी तुम्हालाही सांगणार नाही.

टपरीवाल्यालाही जाऊन सुनावलं. तर तो हसून म्हणतो, "वयनी, मी काय घराक येवन बोलावतंय?" पाऊस तोंडावर आलाय, आमच्या माजघरात तीन ठिकाणी कौलं फुटलीत. त्याच्या टपरीला मात्र यंदा नवा कोरा निळा पत्रा चढलाय. कोणाच्या पैशाने ते मला विचारू नका, आधीच डोकं फिरलंय.