‘घरचंच लाकूड, मग बारा रुपये किलो कशाला?’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू मी रविवारी रात्री वाचला आणि सकाळी चहाच्या वेळी मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मोठ्याने वाचून दाखवला. त्यांना मोबाईलवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत. पण झाडं त्यांच्या बांधावरची, तेव्हा ऐकायचं तेही त्यांनीच. ऐकून झाल्यावर कप खाली ठेवून ते एवढंच म्हणाले, “ओलं कुठनं गेलं ते आधी बघ.”

बाकीच्यांनाही कळावं म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. नातवाच्या जावळाला चुलीवरचं मटण करायचं होतं, म्हणून तुम्ही जुळे सोलापूरला ८० किलो जळण मागवलं. बारा रुपयांनी ९६० झाले, वर टेम्पोचे १५०. वखारीत आठ रुपयांनी मिळतं, आणि आम्ही स्वतःच्या शेतातलं फुकटचं लाकूड बाराने विकून लुटतो. चिंचेचं मागितलं तर बाभूळ गळ्यात मारली. निम्मं लाकूड ओलं निघालं आणि आचारी डोळे पुसून हैराण झाला. एक स्टार.

धुराचं आधी बोलते, कारण ती चूक आमची आहे. गड्ड्याची यात्रा आणि हुरड्याचा हंगाम एकदम आला की जानेवारीत आमचा वाळका ढीग तळाला जातो. तुमची ऑर्डर भरताना तो ६० किलोवर संपला, आणि गाडी भरणाऱ्या पोराने मला न विचारता शेजारच्या ढिगातलं २० किलो वर टाकलं. तो ढीग दिवाळीनंतर तोडलेला. साल तीच, रंग तोच, वरून बघून कुणालाही वाळकाच वाटेल. सोमवारी विचारल्यावर त्याने लगेच कबूल केलं. म्हणजे निम्मं नाही, पाव लाकूड ओलं होतं. पण चुलीत चार ढलप्यांत एक ओली असली तरी धूर सगळ्या चुलीचा होतो, त्यामुळे तुमच्याशी पावाच्या आणि निम्म्याच्या हिशेबावरून वाद घालणार नाही. त्या २० किलोचे २४० रुपये ज्या नंबरवरून आले होते त्याच नंबरवर परत टाकलेत, बघून घ्या. आता प्रत्येक ढिगाच्या पुढच्या ओंडक्यावर गेरूने तोडीचा महिना लिहिलाय, आणि माल संपला तर ऑर्डर तेवढी कमी करून फोन करायचा, असं ठरलंय.

टेम्पोचंही तुमचं बरोबर. आमच्या पाटीवर नुसतं ‘घरपोच’ लिहिलं होतं. १०० किलोच्या आत १५० रुपये वेगळे, हे फक्त फोनवर सांगत होतो, आणि तुमच्या फोनला ते सांगायचं राहिलं असणार. पाटी बदलली.

चिंचेचं मात्र मिळणार नाही. चिंचेचा आर, म्हणजे निखारा, चांगला पडतो, हे आम्हालाही माहीत आहे. आमच्या विहिरीवर दोन मोठ्या चिंचा उभ्या आहेत. पण १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्यात चिंच, आंबा, जांभूळ ही झाडं येतात. ती स्वतःच्या रानातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बाभूळ त्या यादीत नाही. आणि मटणाला बाभूळ काही कमी नाही हो. जड लाकूड, सावकाश जळतं, निखारा बराच वेळ टिकतो. सुबाभूळ भसाभसा पेटून विझते, कडुनिंबाचा धूर उग्र. म्हणून मोठ्या पातेल्याला आम्ही बाभूळच देतो.

आता बारा रुपयांचं.

बांधावरची बाभूळ फुकट वाढते, हे खरंच आहे. फुकट पडत नाही आणि फुकट फुटत नाही. दोन माणसं दिवसभर लागतात, सहाशे रुपये हजेरी एकेकाची. मशीनच्या करवतीचं पेट्रोल आणि ऑईल मिळून तीनशे. झाले पंधराशे. काटेरी फांद्या साफ करून, ओंडके पाडून, घण-पाचरीने फोडून दिवसाकाठी हाताला लागतं चार क्विंटल, तेही ओलं. वाळल्यावर त्याचं २६० किलो राहतं. पंधराशेला २६० ने भागा, किलोमागे पावणेसहा रुपये तिथेच गेले. रचणं, पावसाआधी ताडपत्री टाकणं, वाळवी लागली की ढीग उपसून पुन्हा रचणं, काटा करून गाडीत भरणं, हे सगळं धरून सात. उरलेल्या पाचात आठ-दहा महिने अडकलेली जागा, साल आणि भुसा होऊन जाणारा माल, आणि आमचं घर. यात लूट कुठे बसते ते तुम्हीच सांगा.

चार क्विंटलचं २६० किलो कसं होतं, हे मला स्वतःला लग्न होऊन आले तेव्हा पटलं नव्हतं. म्हणून गेल्या फेब्रुवारीत ताज्या बाभळीच्या एका ओंडक्यावर खूण केली आणि दर महिन्याला काट्यावर ठेवला. पहिल्या दिवशी १० किलो. मेच्या शेवटी ७. पावसाळ्यात उलट पावशेर वाढला. दिवाळीला साडेसहा, आणि संक्रांतीलाही साडेसहाच. वजन उतरायचं थांबलं, म्हणजे लाकूड वाळलं. साडेतीन किलो निव्वळ पाणी होतं. सोलापूरच्या उन्हाला सुद्धा ते काढायला एवढे महिने लागले.

आता वखारीचा आठचा भाव घ्या. लाकूड ताजं तोडलेलं असेल तर १०० किलोचे ८०० दिले, त्यात जळणारा माल ६५ किलो. म्हणजे वाळक्याचा भाव पडला किलोमागे १२ रुपये ३१ पैसे. वर ते पाणी तुमच्याच चुलीत उकळून वाफ करायचं, त्याला जाळ जातो तो वेगळा, धूर होतो तो वेगळा. म्हणूनच ती ओली २० किलो तुम्हाला बाराने गेली, याची मला जास्त लाज वाटली. आम्ही तुम्हाला पाणी विकलं.

वखारवाले सगळे ओलंच देतात असं माझं म्हणणं नाही. खणखणीत वाळकं लाकूड आठने मिळालं तर खुशाल घ्या, मीसुद्धा घेईन. घेताना दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघा. वाळक्या टणटण वाजतात, ओल्या भद्द. तोडलेल्या टोकाला मधून बाहेर फाटत गेलेल्या चिरा दिसायला हव्यात, आणि साल नखाने सुटायला हवी. पेटवल्यावर टोकातून फेस येऊन चर्र आवाज झाला तर दुकानदाराला फोन लावा. आम्हालाही लावा.

आणखी एक, धंद्याच्या विरोधात आहे पण सांगते. रोजच्या स्वयंपाकाला कुणी जळण विचारलं तर आम्ही नको म्हणतो. तीन दगडांच्या चुलीत लाकडाची जेमतेम दहा-पंधरा टक्के आच भांड्याला लागते, बाकी वाऱ्यावर. बारा रुपये किलोने गॅसच स्वस्त पडतो. आमच्या घरीसुद्धा भाजी गॅसवर होते, चूल फक्त भाकरीला आणि बंबाच्या पाण्याला, तीही ढलप्यांच्या चुऱ्यावर. जावळ, हुरडा, गावजेवण, हॉटेलची भट्टी, हे आमचं गिऱ्हाईक. तेव्हा भाव बाराच राहील. मामा तर म्हणत होते मार्चपासून तेरा करू. तुमचा रिव्ह्यू ऐकल्यावर गप्प बसले.

स्टार बदला असं म्हणणार नाही, त्या दिवशी पाहुण्यांसमोर जे झालं ते झालंच.

ती ओली ढलपी शिल्लक असेल तर फेकू नका. गच्चीवर विटांवर उभी-आडवी रचून ठेवा, खालून वारा खेळला पाहिजे, वरून फक्त पत्रा. मेच्या अखेरीला १५ किलोच्या आसपास भरेल आणि धूर करणार नाही. तिचे पैसे तुमच्याकडे परत आलेच आहेत, लाकूडही तुमच्याकडेच राहू द्या. येत्या रविवारी टेम्पो होटगी रोडला येणार आहे. गेल्या फेब्रुवारीच्या ढिगातलं तळाचं थोडं उरलंय, त्यातलं एक पोतं तुमच्या गेटपाशी उतरवायला सांगितलंय. सकाळी दहाच्या सुमाराला कुणी घरी असेल का, तेवढं कळवा.