छापा दिसतो, काटा दिसत नाही

गेल्या महिन्यात एका रविवारी भाचीला घेऊन ठाण्याहून मुंबईतील एका संग्रहालयाचे नाण्यांचे दालन पाहायला गेलो होतो. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार एका ठिकाणापुरती नाही. आडव्या काचपेट्या, त्यांत मखमलीवर ओळीने मांडलेली शंभरेक नाणी आणि प्रत्येकाखाली राजाचे नाव, धातू व कालखंड सांगणारी बोटभर पट्टी. भाचीने काचेला नाक टेकवून विचारले, "मामा, हा छापा आहे की काटा?" पट्टीवर 'पृष्ठभाग' असे छापले होते; दुसरी बाजू मखमलीत तोंड खुपसून पडली होती.

नाण्याला दोन बाजू असतात हे शाळकरी पोरालाही ठाऊक असताना ती एकाच बाजूने का मांडावीत, हे मला अजून उमगलेले नाही. नाणे पारदर्शक पट्टीत उभे धरता येते, खाली आरसा ठेवता येतो, निदान शेजारी दुसऱ्या बाजूचे मोठे छायाचित्र लावता येते. त्यासाठी शंभराऐवजी वीस नाणी मांडावी लागली तरी माझी हरकत नाही.

उदाहरणार्थ, नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ साली सापडलेला साठा घ्या. त्यातील तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी बहुसंख्य नाणी पश्चिम भारतातील शक राज्यकर्ता क्षत्रप नहपान याचीच, पण त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारून पुन्हा चलनात आणलेली. नाणी वितळवण्याची तसदीही त्याने घेतली नाही. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह (अधिकच्या खुणेच्या चार टोकांना चार वर्तुळे), आणि नीट पाहिले तर त्या ठशाखालून नहपानाचे नाक किंवा ग्रीक अक्षरांचा एखादा तुकडा अजून डोकावतो. एवढी मोठी राजकीय उलथापालथ नखाएवढ्या चांदीवर उमटलेली असताना तिच्याखाली नुसते 'चांदी, सातवाहन' लिहिणे म्हणजे शुद्ध कंजुषी आहे. एक भिंग आणि चार ओळी पुरल्या असत्या.

दुसरी उणीव किमतीची. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै हा हिशेब १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत येईपर्यंत घराघरांत तोंडपाठ होता, आणि दमडी, छदाम, कवडीमोल, सोळा आणे खरे हे शब्द आजही आपल्या बोलण्यात खणखणीत वाजतात. पण दालनातील पै पाहणाऱ्याला तिचा आण्याशी काय संबंध, एवढेही कुणी सांगत नाही. (खणखणीत म्हणताना आठवले: सराफ नाणे दगडावर आपटून त्याचा आवाज ऐकत असे. तो नाद एखादी कळ दाबून ऐकवायला कितीसा खर्च येईल?)

परतल्यावर नौपाड्यातील आमच्या शेजारच्या काकांनी त्यांच्या पत्र्याच्या डब्यातली तांब्याची शिवराई भाचीच्या तळहातावर ठेवली. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे कडेची अक्षरे अर्धवटच उमटलेली. तरीही तिने 'श्री', मग 'राजा', मग 'शिव' असे बोट फिरवत वाचले आणि कुणी न सांगता नाणे उलटले. तिथे 'छत्र' वर आणि 'पति' खाली होते.