चहाची फेरी

इंग्लंडला येईपर्यंत मला चहा येत होता. कराडच्या घरी पंचवीस माणसांची बैठक भरली तरी एका पातेल्यात, एकाच चवीचा चहा मी शाळेत असल्यापासून करत आलेय. पाण्याला आधण, त्यात साखर, चहापूड, ठेचलेलं आलं, दूध. दोनदा वर येऊ द्यायचा आणि गाळायचा. पिणाऱ्याला मत असतं हे मान्य, पण ते कप हातात पडल्यानंतरचं. आधी विचारायची पद्धत नाही. फार तर 'बिनसाखरेचा कोण?' एवढं विचारायचं, आणि मधुमेहाचे काका सोडून दुसऱ्या कुणी हात वर केला तर त्याच्याकडे जरा संशयाने बघायचं.

रेडिंगला एका ऑफिसच्या हिशेबखात्यात लागले आणि कळलं की इथे मताची सुरुवातच चहाच्या आधी होते.

इंग्रजी चहाची कृती ऐकली तर हसू येतं. मगात पिशवी टाका, उकळतं पाणी ओता, थांबा, पिशवी काढा, दूध घाला. ना आधण, ना गाळणं, ना उतू जायची भीती. नेमकी तिथेच गोम आहे. आपल्या चहात आल्याआड चार अपराध लपतात. इथे लपायला जागाच नाही.

आणि मग ती फेरी. फेरीचा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण खात्यातला सगळ्यात नवखा माणूसही तो मोडत नाही. तहान लागली म्हणून एकट्याने उठून एकट्यापुरता चहा करून आणणं हा सामाजिक गुन्हा. उठलात की उभ्या उभ्या जाहीर करायचं, 'कुणी चहा घेणार का?' लगेच आठ माना वर. या माना सकाळपासून तहानलेल्या असतात, पण उठत कुणी नाही, कारण जो उठला त्याच्या गळ्यात आठ मग. त्यामुळे साडेदहाच्या सुमारास आमच्याकडे विलक्षण एकाग्रता पसरते. सगळे कीबोर्ड बडवत असतात आणि कानोसा घेत असतात की खुर्ची कुणाची करकरतेय. पाय मोकळे करायला म्हणून मी उठले, तरी शेजारून हळूच आवाज येतो, 'जातेच आहेस तर...'

मग मागण्या. यॉर्कशायरकरांना चहा विटेच्या रंगाचा हवा. दूध म्हणजे नुसता शिंतोडा, साखर दोन चमचे. वेल्सकर बाईंचं बरोबर उलट. पिशवी पाण्याला नुसती दाखवून काढायची आणि वर दूध भरपूर. ओटवाल्या मुलीला ओटचं दूध लागतं. ते फार गरम चहात फाटतं, म्हणून तिचा मग बाजूला निवत ठेवायचा. डीकॅफवाल्यांची पिशवी मगातच राहू द्यायची. कोपऱ्यातल्या सरांना अर्ल ग्रे, बिनदुधाचा, लिंबाची चकती टाकून. एक जण चहा पीतच नाही. त्याला गरम पाणी हवं असतं, आणि त्याबद्दल तो इतक्यांदा सॉरी म्हणतो की त्यापेक्षा त्याने कॉफी मागितलेली परवडली. साहेब म्हणतात, 'कसाही चालेल.' सगळ्यात अवघड मग त्यांचा. ज्याला कसाही चालतो त्याच्या मनात नेमका कसा आहे, हे ओळखायचं असतं.

हे सगळं लक्षात ठेवायचं. चिठ्ठीवर लिहून घेतलं तर त्यांना वाईट वाटतं, म्हणजे आपण अजून परकेच. शिवाय मग ठरलेले. 'जगातले सर्वोत्तम आजोबा' असं लिहिलेल्या मगाचा कान उडालाय, कडा काळवंडल्यात, पण त्यात दुसऱ्या कुणाला चहा दिला तर दिवसभर खात्यात गारठा. दुधाच्या बाटल्यांचंही तसंच. निळं झाकण म्हणजे साईसकट, हिरवं म्हणजे अर्धं साय काढलेलं, लाल म्हणजे ज्याला कराडात गवळ्याने पाणी घातलं म्हणून भांडण झालं असतं ते. प्रत्येक बाटलीवर मार्करने मालकाचं नाव, आणि एकीवर चक्क पातळीची रेघ. ती रेघ कुणी मारली हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच बोलत नाही.

किटली सुरू केली की ती विमान उडाल्यासारखी गर्जते. रेडिंगचं पाणी चुनखडीतून येतं, जड. किटलीच्या बुडाला पांढरा थर साचतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि पाणी ओतताना एखादा मगात उतरतो. तो चमच्याने पाठलाग करून काढावा लागतो, कारण यॉर्कशायरकर मगाच्या तळापर्यंत पितात. पिशव्या पडल्या की पाणी आधी पिवळसर होतं, मग तांबूस, मग एकदम काळपट. हा सगळा खेळ चार मिनिटांचा, त्यात आठ मग, प्रत्येकाची वेळ निराळी. वेल्सकर बाईंची पिशवी पाणी पडताक्षणी बाहेर. तोवर साहेबांची किती वेळ आत होती याचा हिशेब चुकतो, आणि हिशेबखात्यात हिशेब चुकणं बरं नव्हे. यॉर्कशायरकरांची पिशवी शेवटी चमच्याने मगाच्या कडेला दाबून पिळायची. सरांच्या मते असं पिळणं म्हणजे रानटीपणा, त्यातून कडवटपणा उतरतो. मी पिळते तेव्हा सरांकडे पाठ करून.

एवढं करून मग जरा वेळ टेबलावर राहिला की चहावर तवंग येतो. तपकिरी, चकचकीत, चमचा फिरवला की तडकतो आणि तुकडे मगाच्या कडेला चिकटतात. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मग नीट धुतला नसेल असं वाटून मी घासत बसले होते. पण तो मळ नाही. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि चहातली द्रव्यं हवेशी संगनमत करून तो बनवतात. इम्पीरियल कॉलेजातल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यावर संशोधन केलं आणि ते 1993 साली 'नेचर'मध्ये छापून आलं. लिंबू पिळलं की तवंग येत नाही. त्यामुळे आमच्याकडे सरांचा मग तेवढा नितळ, आणि त्याचा त्यांना अभिमान.

दुधाचा वाद मात्र रसायनशास्त्रालाही आवरलेला नाही. दूध आधी की चहा आधी? ब्रिटिश मानक संस्थेने 1980 साली यावर चक्क मानक काढलं, बीएस 6008, सहा पानी. दर 100 मिलिलिटर पाण्याला 2 ग्रॅम चहापूड, सहा मिनिटं झाकून ठेवायची, आणि कपात दूध आधी. खरं तर ते चव तपासणाऱ्यांसाठी होतं, सगळ्यांचा चहा सारखा झाला तरच तुलना करता येईल म्हणून. पण 1999 साली या सहा पानांना साहित्याचं इग नोबेल, म्हणजे नोबेलची गमतीदार नक्कल असलेलं पारितोषिक, मिळालं. 2003 साली रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीनेही कौल दिला की दूध आधी, कारण 75 अंशांच्या वर दुधातली प्रथिनं बिघडतात. प्रथिनांची एवढी काळजी! आमच्याकडे ती तासभर बिघडवतात आणि तिला बासुंदी म्हणतात.

पण हे सगळे नियम चहादाणीतल्या चहाचे. मगात पिशवी असताना दूध आधी ओतलं तर पाणी तिथेच कोमट, आणि चहा उतरतच नाही. एक दिवस साहेब स्वतः उठले (तारीख खात्याच्या आठवणीत आहे) आणि त्यांनी पिशवीवर आधी दूध ओतलं. पॅन्ट्रीत उभ्या असलेल्या यॉर्कशायरकरांनी ते पाहिलं. बोलले काहीच नाहीत. जागेवर येऊन त्यांनी फक्त खिडकी उघडली.

हीच इथली खरी अडचण. कुणी बोलतच नाही. आमच्याकडे चहा बिघडला तर तोंडावर सांगतात, 'आज काय, साखर रुसली वाटतं?' इथे ट्रे घेऊन फिरताना प्रत्येक जण म्हणतो, 'लव्हली, थँक यू.' चांगल्या चहाला लव्हली, वाईट चहाला लव्हली, गरम पाण्यालाही लव्हली. मी मग ठेवून दोन पावलं हळू चालते आणि मागे न बघता पहिल्या घोटाचा अंदाज घेते, पोह्यांची बशी पाहुण्यांसमोर ठेवून दाराआड उभ्या राहिलेल्या मुलीसारखी. निकाल संध्याकाळी लागतो, सिंकमध्ये. कुणाचा मग तळापर्यंत रिकामा आणि कुणाच्या मगात पाऊण चहा तसाच. यॉर्कशायरकर तेवढे थोडे प्रामाणिक. चहा जमला नाही तर म्हणतात, 'ओला आहे आणि गरम आहे.' ही त्यांच्या परीने कडक टीका.

मागच्या उन्हाळ्यात आई आली होती. एका इंग्रज शेजारणीने तिला चहाला बोलावलं. चहादाणी गरम पाण्याने विसळून घेतलेली, वर लोकरीचं टोपडं, काकडीची सँडविचेस, सगळं यथासांग. आईने एक घोट घेतला, कप बशीत ठेवला आणि माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, 'अगं, यांना सांग, उकळला की आणा. आपण बसतो तोवर.' शेजारीण उत्सुकतेने माझ्याकडे बघत होती. मी भाषांतर केलं, 'लव्हली.'

ऑफिसात मात्र माझ्याकडून फार अपेक्षा. 'तू भारतातली, तुला तर चहा कळत असणार.' कराडला ऊस पिकतो, चहा नाही, हे मी अनेकदा सांगितलंय. आसामचा पहिला चहा लंडनच्या लिलावात विकला गेला तो 1839 साली. आमच्या आज्या-पणज्यांच्या घरात चहाने पाय ठेवला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. उलट हे वेड त्यांच्याच राजघराण्यातलं. 1662 साली दुसऱ्या चार्ल्सशी लग्न करून पोर्तुगालची कॅथरिन इथे आली आणि तिने दरबारात चहाची फॅशन रूढ केली असं मानतात. तिच्या हुंड्यात काय होतं? मुंबई! राजाला ती एवढी नकोशी की 1668 मध्ये त्याने वर्षाला 10 पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. म्हणजे मुंबई आणि चहा एकाच बाईबरोबर आले, त्यातला चहा यांनी जपला. पुढे 2000 साली टाटांनी टेटली ही इथली चहाची कंपनी विकत घेतली. मी हे खात्यात सांगितलं तेव्हा साहेब म्हणाले, 'इंटरेस्टिंग. उठतेच आहेस का?'

चहावरून हा देश किती हळवा होऊ शकतो याचा नमुना जानेवारी 2024 मध्ये दिसला. अमेरिकेतल्या एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेने सुचवलं की चहात चिमूटभर मीठ घातलं तर कडवटपणा कमी होतो. इथे असा गहजब झाला की लंडनच्या अमेरिकन वकिलातीने गमतीत निवेदन काढलं: हे आमचं अधिकृत धोरण नाही, आम्ही चहा आमच्या योग्य पद्धतीनेच करत राहू, म्हणजे मायक्रोवेव्हमध्ये. यॉर्कशायरकरांना मिठाचं फारसं वाटलं नाही. मायक्रोवेव्हचं ऐकून मात्र ते जेवले नाहीत.

आणि हळवेपणाला विजेचंही पाठबळ आहे. 4 जुलै 1990 ला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड पेनल्टींवर पश्चिम जर्मनीकडून हरलं. देश एकदम सोफ्यावरून उठला आणि पहिलं काम काय केलं? किटल्या लावल्या. विजेची मागणी 2800 मेगावॅटने उसळली. मी कोयनेच्या मुलखातली. आमच्या कोयनेचे सगळे टप्पे एकत्र धरले तरी ते 2000 मेगावॅटच्या आतच भरतात. इथे एका पराभवाच्या चहाला कोयना पुरत नाही! अशा क्षणांसाठी वेल्सच्या डोंगरात डिनॉर्विगचं वीजकेंद्र आहे. वरच्या तळ्यातलं पाणी सोडलं की काही सेकंदांत वीज तयार. लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या मला हे वाचून राग आला की कौतुक वाटलं, ते अजून ठरत नाहीये.

सध्या आमच्या खात्यात संकट आहे. व्यवस्थापनाने पॅन्ट्रीतली किटली काढून तिथे गरम पाण्याचा नळ बसवला. वेळ वाचेल म्हणे. पण नळाचं पाणी उकळीच्या दोन-चार अंश अलीकडेच थांबतं, आणि यॉर्कशायरकरांच्या मते त्या दोन-चार अंशांतच चहा असतो. वेल्सकर बाईंना फरक पडला नाही, त्यांची पिशवी तशीही पाण्यात राहत नाही. पण तक्रारीचा ईमेल गेला, त्यावर सगळ्यांच्या सह्या झाल्या. उत्तर आलं की तापमान सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्य आहे.

मग यॉर्कशायरकरांनी घरून स्वतःची किटली आणली. ऑफिसात विजेची कुठलीही वस्तू तपासणीचं स्टिकर लागल्याशिवाय वापरता येत नाही, म्हणून ती त्यांच्या खालच्या खणात असते, जुन्या व्हॅटच्या फायलींमागे. सगळ्यांना माहीत आहे. सकाळी ते तिच्यात पाणी भरतात, प्लग लावतात आणि बसून राहतात. कारण बटण दाबलं की ती गर्जणार, गर्जली की आठ माना वर होणार, आणि मग त्यांनाच उठून विचारावं लागणार.

साडेअकरा वाजत आलेत. बटणावर बोट आहे. वेल्सकर बाई हळूच आपला मग त्यांच्या टेबलाकडे सरकवतायत.