सहाने भागून मूळ संख्या ओळखता येत नाही

मूळ संख्यांविषयीचा एक संदेश सध्या बराच फिरतो आहे. त्यात तीन दावे आहेत: मोठ्या संख्येला 6 ने भागून बाकी 1 किंवा 5 उरली की ती मूळ समजावी, पूर्ण खात्रीसाठी वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहण्यावाचून मार्ग नाही, आणि झटपट मार्ग सापडलाच तर इंटरनेटवरची गुपिते उघडी पडतील.

पहिला दावा म्हणजे खऱ्या नियमाचा खोटा व्यत्यास आहे. 3 पेक्षा मोठ्या मूळ संख्येला 6 ने भागल्यावर बाकी 1 किंवा 5 च उरते, कारण एरवी तिला 2 किंवा 3 ने भाग गेला असता. पण अशी बाकी उरणारी प्रत्येक संख्या मूळ नसते. 25 आणि 35 ही साधी उदाहरणे झाली. 1 वगळता 100 पर्यंतच्या अशा 32 संख्यांपैकी 23 मूळ असल्यामुळे ही क्लृप्ती खरी वाटते; शंभर अंकी संख्यांमध्ये मात्र हे प्रमाण साधारण 77 मध्ये एक इतके घसरते.

दुसऱ्या दाव्यातील पद्धत अचूक आहे, परंतु शंभर अंकी संख्येचे वर्गमूळच पन्नास अंकी असल्याने ती तिथे निरुपयोगी ठरते. शिवाय विभाजक न शोधताही निर्णय करता येतो. फ्रेंच गणिती फर्माने 1640 मध्ये मांडलेल्या नियमानुसार मूळ संख्या p ने भाग न जाणाऱ्या कोणत्याही संख्येचा (p − 1) वा घात p ने भागल्यास बाकी 1 उरते. दुसरी बाकी उरली की संख्या संयुक्त. 2047 घ्या. तिला 6 ने भागल्यास बाकी 1 उरते, आणि 2 चा 2046 वा घात 2047 ने भागला तरी 1 च उरते, म्हणजे ही लबाड संख्या दोन्ही चाळण्यांतून निसटते. 3 चा तोच घात घेतला की बाकी 1013 येते आणि बिंग फुटते (ती 23 × 89 आहे). 561 सारख्या काही संयुक्त संख्या, पाया (म्हणजे जिचा घात घेतो ती संख्या) आणि त्या संख्येला 1 पेक्षा मोठा सामायिक विभाजक असल्याखेरीज, या कसोटीला कायमच चकवतात; म्हणून प्रत्यक्षात मिलर–राबिन ही अधिक कडक कसोटी वापरतात, जिच्यात यादृच्छिक निवडलेल्या प्रत्येक पायामागे संयुक्त संख्या निसटण्याची शक्यता फार तर एक चतुर्थांश असते आणि वीस पायांनंतर ती नगण्य होते. ही शक्यताही नको असेल, तर आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी 2002 मध्ये अशी रीत दिली की जिचा निर्णय निर्विवाद असतो आणि जिचा वेळ अंकसंख्येच्या एका ठरावीक घाताच्या मर्यादेत राहतो.

तिसरा दावा तर उलटाच आहे. इंटरनेटवरची माहिती गुप्त ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आरएसए कूटपद्धतीची सुरक्षितता मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याच्या अडचणीवर उभी आहे. तिच्या किल्ल्या बनवताना मोठ्या मूळ संख्या झटपट ओळखाव्याच लागतात, आणि संगणक ते रोज करतात. ही दोन कामे किती वेगळी आहेत हे F20 या फर्मा संख्येवरून (2 चा 2^20 वा घात अधिक 1) दिसते: 3,15,653 अंकांची ही संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे, पण 1 आणि ती स्वतः सोडून तिचा एकही विभाजक अजून कोणाला सापडलेला नाही.