समुद्र हजार किलोमीटरवर, मीठ गच्चीवर

ओलं स्कूबा सामान वाळवायला नागपूरसारखं गाव नाही, असा सगळ्यांचा समज असतो. मे महिन्यात पारा ४५-४६ वर, दुपारच्या हवेत आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास, वरून लू. "गच्चीवर टाका, तासाभरात कडक होते," असं घरातलं प्रत्येक माणूस सांगतं. ते खरंच कडक होतं, हीच पंचाईत आहे. वेटसूटच्या, म्हणजे डायव्हरच्या अंगाला घट्ट बसणाऱ्या पोशाखाच्या, निओप्रीन रबरात वायूचे बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. उन्हाच्या माऱ्यानं ते रबर ताठतं, गुडघ्याशी भेगाळतं, आणि सूट ऊब धरायचं काम सोडून देतो. इतकं जहाल ऊन डोक्यावर फुकट पडतंय आणि नेमकं आपल्या कामाला चालत नाही, हे दुःख कोकणातल्या डायव्हरला कळायचं नाही.

सामानाला हवी सावली आणि वारा. पण त्याच्याही आधी हवं गोडं पाणी.

डायव्हिंगच्या तारकर्लीहून नागपूर जवळपास हजार किलोमीटर. तेवढा प्रवास ओलं सामान बंद बॅगेत करतं आणि बॅग उघडणाऱ्याला त्याची पूर्ण जाणीव करून देतं. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ. सूट, बूट आणि बीसीडी, म्हणजे हवा भरायचं जाकीट, मिळून तीन लिटर पाणी सहज धरून आणतात. म्हणजे शंभर ग्रॅमच्या वर मीठ. ते न काढता वाळवलं तर मे महिन्यात सगळं छान कोरडं लागतं. मग जुलै येतो. आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीचं जे होतं, तेच कपाटातल्या सुटाचं होतं. दोन महिन्यांपूर्वी वाळवलेला सूट ओला निघतो आणि घरचे स्लॅब कुठं गळतो ते शोधत बसतात.

म्हणून दोन टब, प्रत्येकी साठ लिटरचे. एका टबात तीन लिटर खारं पाणी मिसळलं की खारटपणा साधारण विसाव्या हिश्श्यावर येतो. सामान निथळून दुसऱ्या टबात टाकलं की पुन्हा विसावा हिस्सा, म्हणजे चारशेवा. एकाच टबात चार वेळा बुचकळून हा हिशेब जमत नाही. बुचकळणाऱ्याचं समाधान होतं, तेवढंच. प्रत्येक टबात अर्धा तास भिजू द्यायचं. पहिल्या टबाचं पाणी तुळशीला घालायचं नाही, दुसऱ्याचं चालतं. आणि हे सगळं सकाळी सहाला उरकायचं, कारण गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात पोळेल इतकं तापतं. कोमट पाण्यात मीठ लवकर सुटतं, पण पन्नास अंशांच्या वरचं पाणी रेग्युलेटरला, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडापर्यंत आणणाऱ्या यंत्राला, नको.

क्रम महत्त्वाचा. आधी रेग्युलेटर आणि मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर, मग मास्क, मग बीसीडी, मग सूट, आणि बूट सगळ्यात शेवटी. क्रम उलटा केला तर बुटांचा अर्क माउथपीसला लागतो आणि पुढच्या डाइव्हला तोंडात येतो. सुटाला पहिल्या टबात थोडा लहान मुलांचा शाम्पू. सुटातला वास नेमका कशाचा, यावर चर्चा नको. पाण्यात उतरल्यावर हातापायांतलं रक्त छातीपोटाकडे सरकतं आणि मूत्रपिंडं जोमानं कामाला लागतात, एवढं शास्त्र सांगून विषय बदलावा. ब्लीच मात्र टाकायचं नाही. वासाबरोबर सूटही जातो.

रेग्युलेटरचं एक पथ्य पाळलं तरी पुष्कळ पैसे वाचतात. फर्स्ट स्टेजच्या, म्हणजे सिलिंडरला जोडायच्या भागाच्या, तोंडावरची डस्ट कॅप आधी फडक्यानं कोरडी करायची, घट्ट बसवायची, मगच पाण्यात सोडायचं. आणि भिजत असताना तोंडाकडच्या भागावरचं पर्ज बटण, म्हणजे हवा सोडायचं बटण, दाबायचं नाही. सिलिंडर जोडलेला नसताना ते दाबलं की आतली झडप उघडते आणि पाणी होजमधून उलटं फर्स्ट स्टेजपर्यंत चढतं. आत गंज धरला की सर्व्हिसिंगचं बिल. बटण मोठं असतं, बरोबर मधोमध असतं, आणि सुट्टीला आलेल्या भाच्यांना ते दारातूनच दिसतं. टबाजवळ मोठं माणूस बसवावं.

बीसीडी बाहेरून धुतली की धुतली असं वाटतं. खरं पाणी आतल्या पिशवीत असतं. इन्फ्लेटरचं, म्हणजे जाकिटात हवा भरायच्या नळीचं, हवा सोडायचं बटण दाबून धरायचं, त्याच्या तोंडातून नरसाळ्यानं लिटरभर गोडं पाणी ओतायचं, थोडी हवा फुंकायची, सगळ्या बाजूंनी हलवायचं, उलटं धरून ओतून टाकायचं. पुन्हा एकदा. मीठ राहिलं तर बटणाच्या आत खडे जमतात, बटण अडकतं, आणि जाकीट पाण्याखाली आपणहून फुगायला लागतं. नरसाळं स्वयंपाकघरातलं घेऊ नये. वाळवायला टांगताना पिशवी अर्धी फुगवलेली ठेवावी, म्हणजे आतून चिकटत नाही.

आता वाळवायचा रॅक. एक इंच व्यासाचे जाड पीव्हीसी पाइप, दहा फुटांचे तीन. कापायचा हिशेब असा: साडेपाच फुटांचे दोन खांब, दोन फुटांचे दोन पाय, अडीच फुटांच्या दोन आडव्या दांड्या, एक वर आणि एक जमिनीपासून फूटभर, आणि खालच्या दांडीवर उभ्या फूटभर लांबीच्या चार खुंट्या. जोडायला टी आठ, कोपऱ्यांना एल्बो दोन, पायांच्या टोकांना एंड कॅप चार. सहा फूट पाइप उरतो. तो फेकू नये, कारण वरची दांडी पहिल्याच उन्हाळ्यात वाकते. भिजलेला पाच मिलिमीटरचा सूट भलताच जड असतो आणि तापलेलं पीव्हीसी मऊ पडतं. दांडीच्या आत बसेल असा लाकडी दांडा घुसवला की वाकणं थांबतं. बीसीडीचा रुंद हँगर दांडीच्या मधोमध नाही, खांबाला लागून अडकवायचा.

सूट खांद्यांवर टांगायचा नाही, पाण्याच्या वजनानं खांदे ताणतात. कमरेत दुमडून टाकायचा, आधी उलटा करून, म्हणजे अंगाला लागणारी बाजू नक्की वाळते. पण एक इंची पाइपवर कमरेला घडी पडते. त्यासाठी सांडपाण्याच्या चार इंची पाइपचा दोन फुटी तुकडा वरच्या दांडीवर ओवायचा, नवीन आणलेला हे सांगायला नको. खुंट्यांना आठ मिलिमीटरची दहा-बारा भोकं पाडायची, नाहीतर त्यावर उलटे घातलेले बूट बोटांकडे ओलेच राहतात. भोकांच्या कडा कानशीनं घासायच्या. खुंट्यांच्या वरच्या तोंडांवर आणि भोकांवर बारीक जाळी बांधायची. कुंभारीण माशीला असं भोक म्हणजे बांधून तयार घर. ती आठवड्यात मातीनं लिंपून टाकते. इन्फ्लेटरचं तोंडही तिच्या नजरेत असतं, त्यावर कापडी पिशवी.

रॅक गच्चीत नाही, बाल्कनीत. मे महिन्यात गच्ची कुरडया आणि मुंगवड्यांची असते आणि त्यांच्याशी भांडून कोणी जिंकलेलं नाही. बाल्कनीतला काळा सूट समोरच्या काकूंना दिसतो. "काहून हो, फुटाळा तलावात कोणी बुडलं काय?" हा प्रश्न आपुलकीचा असतो, उत्तर द्यावं.

वाऱ्याला तीन फुटांवर साधा टेबल फॅन पुरे. कूलर हुशारीचा वाटतो, पण पंप बंद असेल तरच. पंप चालू झाला की तोच कूलर ओलसर हवा सुटावर फेकत बसतो, आणि नागपुरात मे महिन्याच्या दुपारी कोरडा कूलर दहा मिनिटांच्या वर कोणी सहन करत नाही. कोणीतरी पंप लावतंच.

पोहताना पायात घालायचे फिन टोकांवर उभे करायचे नाहीत, उष्णतेनं वाकडे होतात. वाळलेलं सामान वरच्या मजल्याच्या माळ्यावर नको, तिथं स्लॅब रात्रीही तापलेला असतो, दिवाणात ठेवा. जुलैत एकदा सुटाच्या चेनवरून बोट फिरवायचं. चिकट लागली तर सूट पुन्हा पहिल्या टबात.

रॅकचे सांधे सोल्युशन लावून चिकटवू नयेत. प्रत्येक सांध्याला एक स्टेनलेस स्टीलचा स्क्रू मारला की टी फिरत नाही आणि रॅक उलगडून ठेवता येतो. साधा स्क्रू चालणार नाही. जून ते ऑगस्ट तारकर्लीचं डायव्हिंग बंद असतं, रॅकवर घरातले कपडे येतात, आणि पांढऱ्या शर्टावर गंजाचा डाग पडला की त्याचा जाब सामानाच्या मालकालाच द्यावा लागतो.