साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर) घेताना आधी टीव्हीचं एआरसी पोर्ट (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवणारं एचडीएमआय पोर्ट) बघा

टीव्हीच्या आवाजाबद्दलच्या एका लेखात छोट्या हॉललाही ५.१ होम थिएटर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे खोल आवाजाचा स्पीकर) सुचवलंय, ते मला पटलं नाही; साउंडबारनेही काम भागतं. पातळ टीव्हीत स्पीकरला जागाच नसते, बहुतेक वेळा ते खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, म्हणून संवाद पुटपुटल्यासारखे येतात. आमच्या आईला मालिकेतलं बोलणं कळायचंच नाही. आवाज वाढवला की पार्श्वसंगीत अंगावर यायचं. शेवटी ३.१ (डावा, मधला, उजवा आणि सबवूफर) साउंडबार घेतला, त्यातला मधला स्पीकर मुख्यतः संवादांसाठी. आता ती "काय म्हणाला गं तो?" असं विचारत नाही, याचा केवढा आनंद आहे! जोडणी मात्र एचडीएमआय एआरसीनेच करा आणि सेटिंगमध्ये सीईसी (जोडलेली उपकरणं एकाच रिमोटने चालवायची सोय) चालू ठेवा, म्हणजे टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो. ब्लूटूथवर ओठ आणि आवाज बरेचदा मागेपुढे होतात.