वसईला बगल दिली गेली, पण समुद्राकडून नाही

नागपूरच्या इतिहासप्रेमी व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: '1739 साली चिमाजी अप्पांनी समुद्राच्या बाजूने बगल देऊन एका दिवसात वसई घेतली. त्याआधीची दोन वर्षं वाया गेली. "माझं डोकं तोफेत घालून किल्ल्यात उडवा" म्हणताच सैन्य पेटून उठलं.'

'समुद्राच्या बाजूने'? वसईचा किल्ला पोर्तुगिजांचा, वेढा मराठ्यांचा. किल्ल्याच्या पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी, पूर्वेला दलदल. पायदळ चालून जाईल अशी जमीन उत्तरेलाच. मोर्चे (तोफांसाठी आडोशाच्या जागा) तिथे लागले, सुरुंगही तिकडच्याच बुरुजांखाली खणले. हा उघड समोरचा हल्ला, बगल (बाजूने वळसा) नव्हे.

'दोन वर्षं वाया'? अहो, खरी बगल त्यातच आहे. 1737 मध्ये ठाणे आणि साष्टी बेट मराठ्यांच्या हाती आलं, पूर्वेची वाट बंद. त्याच साली मराठा सरदार शंकराजी केशवांनी अर्नाळ्याचा बेटावरचा किल्ला घेतला. जानेवारी 1739 मध्ये उत्तरेचे माहीम (केळव्याजवळचे, मुंबईतले नव्हे) आणि तारापूर पडले. तारापुरात मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. मार्चमध्ये खाडीपलीकडची धारावी (ही भाईंदरजवळची) आणि वेसावे (वर्सोवा). तिकडे अप्पांचे मेहुणे व्यंकटराव घोरपडे पोर्तुगिजांच्या गोव्यात घुसलेले, म्हणून तिथून वसईला कुमक सुटेना. मुंबईच्या इंग्रजांनी चर्चची चांदी गहाण घेऊन पोर्तुगिजांना 15,000 रुपये दिले, फौज दिली नाही.

'एका दिवसात'? वेढा फेब्रुवारीपासून चालू होता. मेमध्ये सुरुंगांना बत्त्या दिल्या, पण सगळे सुरुंग एकदम उडाले नाहीत. पहिल्या स्फोटाने खिंडार पडलं, लोक आत धावले आणि मागे राहिलेला सुरुंग त्यांच्याच पायाखाली उडाला. शेकडो गेले. बत्ती कुठे ओलावली की असं होतं. सगळे उडेपर्यंत थांबावं, तर तेवढ्यात आतले लोक खिंडार बुजवतात. ही अडचण कुठल्याही आवेशाने सुटत नाही. तरीही हल्ले सुरू राहिले. 16 मे रोजी करार झाला आणि 23 मे रोजी पोर्तुगीज मानाने बाहेर पडले.

डोक्याच्या वाक्यावर भांडायचं कारण नाही. त्याने तट फुटला नाही एवढंच.

आणि कुणी 16 ऐवजी 5 मे लिहिलं तर लगेच चूक काढू नका. इंग्रज 1752 पर्यंत जुनी दिनदर्शिका वापरत, ती पोर्तुगिजांच्या 11 दिवस मागे होती. एका मजकुरात दोन्ही पद्धती मिसळल्या, की वेढ्याचे दिवस मात्र चुकतात.